मंजूर चौकोन

रस्त्यावर पांढरे पट्टे रंगवणाऱ्या बाईने सनस्क्रीन मागितलं, तेव्हा खात्याने ही बाब गांभीर्याने घेतली. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, “गालावरचा डाग वाढतोय. उन्हात जाण्याआधी सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. नाहीतर हे काम सोडा.” काम सोडलं तर घर चालणार नव्हतं.

ट्यूबा आल्या. वेष्टनावर सूचना होती: आधी त्वचेच्या छोट्या भागावर लावून पाहावे.

“सुरक्षा म्हणजे सुरक्षा,” साहेब म्हणाले. समिती बसली. मुकादमाने रस्त्यावरचे पट्टे आखायच्या पट्टीनेच तिच्या हातावर चौकोन आखला.

“अहो, डाग गालावर आहे.”

“हात पास होऊ दे, ताई. मग गालाचं बघू.”

दुसऱ्या दिवशी खाज नाही, पुरळ नाही. समितीचा निर्णय:

उत्पादन सुरक्षित.
वापर मंजूर.
क्षेत्र: जिथे चाचणी झाली तेवढेच.
गाल: विचाराधीन.
नाक: अर्ज प्राप्त नाही.

उन्हाळाभर दर दोन तासांनी मुकादम चौकोनाला सनस्क्रीन लावत राहिला. उरलेली बाई भाजत राहिली. डाग कानाकडे सरकला.

“थोडं गालाला लावते की.”

“परवानगीशिवाय? अंगावर काही उठलं तर माझी नोकरी जाईल.”

“आणि उन्हाने उठलं तर?”

“ते नैसर्गिक.”

उन्हाळा सरताना साहेब छत्रीखालून पाहणीला आले. तिच्या रापलेल्या हातावरचा उजळ चौकोन पाहून थबकले.

“हा काय प्रकार?”

“तो माझा मूळचा रंग, साहेब.”

साहेबांनी पुढचं ऐकलं नाही. चार वाजेपर्यंत सगळ्या ट्यूबा कार्यालयात वाटून झाल्या. एक साहेबांच्या मेहुणीला गेली, तिचं लग्न ठरत होतं. कुणाचीही चाचणी झाली नाही. पंख्याखाली बसणाऱ्यांना धोका कसला?

बाई पुन्हा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. बाहेर बाकावर सोबत आलेली शेजारीण तिच्या हातावरचा चौकोन निरखत बसली होती. “अगं, कुठल्या ट्यूबने एवढं उजळलं गं? माझ्या मुलीला हवी होती.”

बाईने नाव सांगितलं. इथे ते मुद्दाम दिलेलं नाही.

तपासणीत काय निघालं, हे शेजारणीने विचारलं नाही. तुम्हीही आधी नावच शोधलंत.