तात्यांची पोवळ्याची फांदी

आमच्या मंगळवार पेठेत गणपततात्यांच्या घरी गेलं की पाण्याआधी परीक्षा असते. तात्या कपाटावरून पांढऱ्या, खरखरीत फांद्यांचा एक तुकडा काढतात आणि आल्यागेल्याच्या नाकासमोर धरतात. "बोला पावणं, ह्ये काय हाय?"

कुणी शिंग म्हणतं, कुणी हाड. गॅसवाला म्हणाला, "वाळलेलं आलं." त्याला तात्यांनी सिलिंडर खांद्यावर असतानाच उभं केलं. "समुद्रातलं पोवळं हाय ह्ये. नाव अ‍ॅक्रोपोरा. ग्रीक भाषेत आक्रॉन म्हंजे टोक, पोरॉस म्हंजे भोक. हर फांदीच्या टोकाला भोक, त्यात एक बारका जीव. त्योच फांदी वाढवतो. कळलं का?"

तात्या मूळचे मुरगूडचे. नोकरी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बरण्या पुसायची. समुद्र एकदाच पाहिला, तोही लांबून, चपला भिजतील म्हणून. निवृत्त होताना कॉलेज शाल देत होतं, तर हे म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या, ती मोडकी फांदी द्या की."

मी शेजारी. दर रविवारी पेपर वाचायला जायचो आणि दर रविवारी तोच प्रश्न. एकदा वैतागून मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर ठोकलं.

तात्यांचा चेहरा पडला. "तुमी कशाला सांगितलं?" म्हणाले. मग आतल्या खोलीला ऐकू जाईल असं पुन्हा विचारलं, "पावणं, ह्ये काय हाय?" आतून तात्यांच्या बायकोचा, काकूंचा बारीक आवाज आला, "टोकाला भोक."

काकूंना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. तात्यांनाच "ह्यो कोण बाप्या घरात?" म्हणून ओरडतात.

"मी एकट्यानं इचारलं तर बोलत न्हाय," तात्या म्हणाले. "पयल्यापासनं पावणा अडला की हीच आतनं सांगायची. तेवढंच ऱ्हायलंय."

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी दर रविवारी इमानानं चुकत आलो.

परवाही म्हणालो, "शिंग असंल, तात्या."

आतून काही नाही. तात्यांनी पुन्हा विचारलं. मी मोठ्यानं म्हणालो, "मग हाड!" नुसता पंखा कुरकुरत राहिला. माझ्या खुर्चीतून काकू दिसत होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, आमच्याकडेच बघत.

"निजली असंल," तात्या दाराकडे न बघताच म्हणाले.

"व्हय तात्या," मी म्हणालो. "गाढ झोपल्यात."