चाखून घेतलेली काकडी

दत्तोबाकाकांनी न चाखता घेतलेली काकडी मी कधी पाहिली नाही. भाजीवाली देठाकडची चकती कापून हातावर ठेवायची. काका डोळे मिटून चावायचे आणि परीक्षेचा निकाल सांगितल्यासारखे म्हणायचे, "घाल." कडू निघाली तर ती सरळ परत. "आधी जिभंला इचारायचं, मग पिशवीला," हा त्यांचा मंत्र.

काका आमचे शेजारी, मंगळवार पेठेत भिंतीला भिंत. हायस्कुलातून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. रोज सकाळी कपिलतीर्थाच्या बाजारात तासभर घालवून पावशेर भाजी आणायचे. काकी गेल्या आणि वर्षाच्या आत लंडनचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला आला. घराला कुलूप लागलं, तुळस आमच्याकडे आली. आम्ही डोळे पुसत स्टेशनवर निरोप दिला आणि तीन महिन्यांत काका रिक्षातून परत दारात!

"काका, काय झालं?"

"काकडीवरनं झालं बघ."

तिथल्या भल्यामोठ्या दुकानात काकड्या पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या. काकांनी एकीचा कागद सोलला, टोक दातानं तोडलं, कडू लागलं म्हणून ती होती तिथे ठेवली. दुसरीही तशीच. तिसरी पसंत पडेपर्यंत मॅनेजर आला. मुलगा लालबुंद, सून लांब जाऊन साबण बघत उभी.

"तिन्ही गळ्यात मारल्या गा! आणि सगळं दुकान मुकं. माणसं गाडी ढकलत्यात, टाकत्यात, जात्यात. एकानं इचारलं न्हाय, पावणं कुठलं म्हणून."

ही गोष्ट त्यांनी पेठेत शंभरदा सांगितली आणि आम्ही शंभरदा हसलो. मनातून मात्र मला ते हेकट वाटायचे. पोटचा पोरगा सोडून काकडीसाठी कोण परत येतं? मुलाची पत्रं यायची, "बाबा, या." काका ती घडी घालून ठेवून द्यायचे.

पुढच्या थंडीत काकांना ताप आला. बाजाराला मी निघालो, तर पिशवी देताना म्हणाले, "गौराकडंच जा. रोज कागलवरनं येती ती. आणि ती काय इचारंल त्याला..." मग थांबले. "काय न्हाय. जा."

गौराबाईनं पिशवी ओळखली. "मास्तर कुठं?" मी तापाचं सांगितलं. तिनं रिवाजाप्रमाणे चकती माझ्या हातावर ठेवली, मी चावली, काकडी पिशवीत गेली. मग ओल्या पोत्याखालून तिनं आंबट चुक्याची पेंडी काढली.

"ही वर, काकीस्नी. लई आवडतो त्यास्नी. लंडनची थंडी बाधली म्हणं, आता गुडघं काय म्हणत्यात?"

काकींना जाऊन दोन वर्षं होत आली होती. पूर्वी दोघं जोडीनं बाजाराला यायची. पुढे गुडघ्यांमुळे काकी घरीच असायच्या. त्या गेल्याचं हिला कोण सांगणार? बाईचं कपाळ सांगतं, तसं पुरुषाचं काही सांगत नाही. काकांनी काकींना बोलण्या-बोलण्यात लंडनलासुद्धा नेऊन आणलं होतं. अख्ख्या गावात काकी फक्त या पोत्यापाशी जिवंत होत्या आणि काका रोज सकाळी तेवढं ऐकायला येत होते. इतके दिवस हसलो, त्याची मला लाज वाटली.

"उतार आहे म्हणाले," मी कसंबसं बोललो.

घरी काका अंथरुणात उठून बसले होते. काकडीकडे त्यांनी बघितलंही नाही.

"काय इचारलं तिनं?"

"काकींचे गुडघे."

"मग?"

"उतार आहे म्हटलं."

काका बराच वेळ चुक्याच्या पेंडीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं केलंस. पर लई उतार सांगू नको बाबा. एखाद्या दिवशी म्हणंल, घिऊन या की त्यास्नी बाजाराला."