तिसऱ्या सुराची एकशे पंधरावी दुरुस्ती

माणूस अपूर्णच जन्माला येतो आणि तसाच निभावून नेतो. यंत्राचं तसं नाही. यंत्र कारखान्यातून पूर्ण होऊन येतं, आणि मग त्यात काय काय कमी आहे हे शोधून काढण्याची जबाबदारी माणसावर येऊन पडते. बहुतेक लोक ही जबाबदारी टाळतात. चष्मेवाल्यांनी ती टाळली नाही. गेली तीन वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. (दुकान सोडून. दुकान चालूच होतं.)

चष्मेवाल्यांचं दुकान खाली आणि घर वर, मधे अठरा पायऱ्या. खाली ते डोळे तपासत. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर जड चौकट ठेवायची, एक काच काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" पुन्हा काच बदलायची. "आता? हे बरं, की मघाचं?" असं करता करता गिऱ्हाईक एकदा वैतागून म्हणतं, "दोन्ही सारखंच." तिथे तपासणी संपते. चष्मेवाले कानामागची पेन्सिल काढतात, नंबर लिहितात, खाली रेघ मारतात. सतरा वर्षांत या रेघेबद्दल एकाही माणसाची तक्रार नाही.

वर मात्र रेघ नव्हती. वर सिंथेसायझर होता.

तो मॉड्युलर होता. म्हणजे कपड्यांच्या कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यात एकतीस छोट्या पट्ट्या, त्यांना म्हणायचं मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूल एकच काम करतो आणि बाकीच्यांच्या कामात लक्ष घालत नाही. एक जण सूर काढतो, दुसरा तो चिरतो, तिसरा लांबवतो, चौथा नुसताच लुकलुकतो. (चौथा सगळ्यांत महाग.) त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मधे तार लावावी लागते. थोडक्यात, चांगल्या चाललेल्या कचेरीसारखी व्यवस्था.

प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात फर्मवेअर असतं. फर्मवेअर म्हणजे आतली अक्कल. ही अक्कल बाहेरून बदलता येते, आणि बदलता येते म्हणूनच आहे ती कधी पुरत नाही. ती भरायची रीत अशी: बनवणाऱ्याने पाठवलेली एक आवाजाची फाइल फोनवर लावायची, फोनची तार मॉड्यूलला जोडायची आणि तो आवाज त्याला चार मिनिटं सतरा सेकंद पाजायचा. आवाज साधारण कर्कश्श असतो. मांजराला फॅक्स करायला बसवलं तर ते जसं बोलेल, तसा. आवाज तारेतूनच जातो. पण नीट चाललाय ना, याची खात्री पटावी म्हणून चष्मेवाले तो स्पीकरवरही लावत. ऐकून त्यांना काय कळायचं ते विचारू नये.

हे सगळं कशासाठी, तर आईसाठी.

चष्मेवाल्यांची आई, म्हणजे घरातली आजी, उभा जन्म शिलाई मशीनवर एक चाल गुणगुणत आली. बारा सुरांची. शब्द नाहीत, नाव नाही, कुठून आली तिलाही ठाऊक नाही. ही चाल पेटीवर वाजवून दाखवायचं चष्मेवाल्यांनी कबूल केलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला माइकसमोर बसवलं, आणि एका मॉड्यूलने (घरात त्याला सूरपकड्या म्हणत) तिच्या गुणगुणण्यातले बाराच्या बारा सूर पकडून जसेच्या तसे वाजवून दाखवले. काम खरं तर तिथे झालं होतं. त्याला पाच मिनिटंही लागली नव्हती.

पण चष्मेवाल्यांनी मान तिरकी केली. "तिसरा सूर जरा खाली वाटतोय."

"मला तर बरा वाटला," आजी म्हणाली.

"नाही नाही. यंत्रात दोष आहे."

(आईचा सूर खाली असू शकतो, हा पर्याय मेनूत नव्हता.)

त्या दिवसापासून सूरपकड्याच्या सुधारणेला सुरुवात झाली. त्याचा बनवणारा हा कुठल्या तरी दूरच्या गॅरेजात बसणारा, अत्यंत कर्तव्यदक्ष दाढीवाला होता. तो दर दहा-बारा दिवसांनी नवी आवृत्ती काढी आणि सोबत खुलासा जोडी. काही खुलासे पाहण्यासारखे आहेत:

आवृत्ती १.३: हिरवा दिवा अधिक हिरवा केला आहे.
आवृत्ती १.४: हिरवा दिवा पूर्ववत केला आहे.
आवृत्ती १.५: आवृत्ती १.४ मध्ये झालेली सुधारणा मागे घेतली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.
आवृत्ती १.६: किरकोळ दुरुस्त्या.
आवृत्ती १.६.१: किरकोळ दुरुस्त्यांच्या ठळक दुरुस्त्या.
आवृत्ती २.०: आता संपूर्ण नवे. (काही बदललेले नाही.)

प्रत्येक आवृत्तीनंतर चष्मेवाले घरच्यांना (आई सोडून, तिला सूर सरळ झाल्यावरच ऐकवायचं होतं) ओळीने बसवत, पेटी वाजवत आणि विचारत, "हे बरं, की मघाचं?"

"सारखंच," बायको म्हणायची. ती शाळेत भूमिती शिकवायची. दोन गोष्टी सारख्या आहेत हे सिद्ध करण्यात तिची हयात गेली होती.

"सारखंच," मुलगी म्हणायची. तिला घरात टिटवी म्हणत, कारण ती कुजबुजली तरी तीन घरं पलीकडे कळायचं.

चष्मेवाले मान हलवायचे. खाली दुकानात हेच उत्तर आलं की ते पेन्सिल काढत. वर हेच उत्तर आलं की ते पुढची आवृत्ती काढत.

काम गंभीर होतं, म्हणून यथावकाश नियमावली आली. ती फ्रिजवर चिकटवली होती. कलम एक, अपडेट चालू असताना कोणी बोलू नये. कलम दोन, शिंक आल्यास जिन्यात जावे. शिंक परत गेल्यास आपणही परत यावे. कलम तीन, दारावरच्या घंटीला पायमोजा घालावा. कलम चार, फ्रिज बंद ठेवावा. कलम पाच, पाहुण्यांनीही. असं करत करत अकरा कलमं झाली, त्यातलं नववं पुढे लागलं तर असावं म्हणून रिकामं होतं.

"बाबा," टिटवीने एकदा विचारलं, "आवाज तारेतून जातो ना? मग मी इथे शिंकले तर त्याला कसं कळणार?"

"कळणार नाही."

"मग?"

"वातावरण लागतं," चष्मेवाले म्हणाले.

 टिटवीने मग फक्त मोजदाद ठेवली. तीन वर्षांतले अपडेट: एकशे चौदा. यशस्वी: एकशे सहा. जिन्यात काढलेल्या शिंका: त्रेसष्ट. "तुमच्याकडे काही चिरडलं का?" अशी शेजारच्यांची चौकशी: नऊ वेळा. पहिला दिवस सोडून आजीला पूर्ण ऐकवलेली चाल: शून्य.

हा शेवटचा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपला नसता, पण मधल्या काळात आजीचे कान गेले. एकदम नाही, वरून खाली गेले. कानाचे डॉक्टर म्हणाले, बारीक सूर आधी जातात, जाड मागून. कानाला यंत्र लावा, पण वर्षभरापुढे भांडी ऐकू येतील, पण गाणं ऐकू येईल याची मी हमी देत नाही. ही गोष्ट अकरा महिन्यांपूर्वीची.

त्या दिवशी चष्मेवाले बराच वेळ दुकानातल्या उंच खुर्चीत स्वतःच बसून राहिले. मग वर येऊन त्यांनी जाहीर केलं: आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, संध्याकाळी पाच वाजता, चाल वाजणार. त्या दिवशी अपडेट नाही.

"लिहून द्या," बायको म्हणाली.

त्यांनी नवव्या कलमात लिहून दिलं.

वाढदिवस आला. आजी इस्त्रीची साडी नेसून साडेतीनलाच खुर्चीत येऊन बसली. कानात नवं कोरं यंत्र होतं, बायको आणि टिटवीने मिळून आणलेलं, टिटवीच्या फोनला जोडलेलं. चष्मेवाल्यांनी तारा तपासल्या, दिवे तपासले. सगळं ठीक होतं. आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी दाढीवाल्याचा निरोप आला.

आवृत्ती ९.२: खाली गेलेले सूर आता आपोआप सरळ होतील.

चष्मेवाल्यांनी तो निरोप तीनदा वाचला. मग त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"अहो," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. तिच्या वर्गातली मुलं एवढ्यावर बाकाखाली जातात.

"चारच मिनिटं."

"आणि सतरा सेकंद," टिटवी म्हणाली.

"अगं, आता एकदाच ऐकणार ती. तिसरा सूर खाली ऐकवू?"

 घंटीला पायमोजा चढला. फ्रिज गप्प झाला. चष्मेवाल्यांनी तार जोडली आणि फाइल लावली. मांजर फॅक्स करू लागलं. दिवे एकेक करून चढू लागले: चाळीस टक्के, साठ, ऐंशी. आजी कौतुकाने मान डोलवत होती. ती याच्यासाठीच आली होती अशी तिची समजूत झाली असावी.

ब्याण्णव टक्क्यांवर कोंबडा आरवला.

तो चष्मेवाल्यांच्या फोनचा कोंबडा होता. फोन वाजला की आरवायचा. अकरा कलमांत शिंक होती, फ्रिज होता, पाहुणे होते, फोन नव्हता. (नियमावली फोनवरच टाइप केली होती. जो लिहितो त्याच्यावर कोण कलम लावतो?) कोंबडा तारेतून थेट सूरपकड्याच्या पोटात गेला, आणि त्याने तो अक्कल समजून मनोभावे गिळला. सगळे दिवे लाल झाले. मग एकही राहिला नाही.

चष्मेवाल्यांनी यंत्रवत फोन कानाला लावला.

"माझा चष्मा झाला का हो?" पलीकडून एक गिऱ्हाईक विचारत होतं.

"झाला," चष्मेवाले म्हणाले. "कालच झाला." आणि त्यांचा आवाज असा आला की गिऱ्हाइकाने स्वतःला सांभाळा म्हणत फोन ठेवला.

पाचला दहा कमी होते. सूरपकड्याचा दगड झाला होता. चष्मेवाले पेटीसमोर बसले होते आणि त्यांचे हात मांडीवर तसेच पडले होते. आई मागे खुर्चीत बसलेली होती, हे त्यांना न वळता दिसत होतं.

"बाबा," टिटवी म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती तीन घरं पलीकडे ऐकू गेली नसेल, "तो ज्या खोक्यातून आला, त्यात एक मेमरी कार्ड होतं ना? पहिल्या आवृत्तीचं?"

होतं. माळ्यावर होतं. आवृत्ती १.०, तीन वर्षं कुणी न विचारलेली. फोन या वेळी भूमितीच्या बाईंनी स्वतःच्या मुठीत ठेवला आणि फाइल टिटवीच्या लॅपटॉपवरून लावली. पुन्हा चार मिनिटं सतरा सेकंद. कोणी शिंकलं नाही. शेवटी हिरवा दिवा लागला, अधिक हिरवा नव्हे, नुसता हिरवा.

सूरपकड्या जिवंत होता, पण कोरा. चाल पुसली गेली होती.

"आई," चष्मेवाले तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "परत एकदा म्हणशील? इथे, माइकमध्ये."

"अरे, एवढंच ना," आजी म्हणाली, आणि समोर शिलाई मशीन असल्यासारखा पाय हलवत गुणगुणली. पहिला सूर. दुसरा. तिसरा.

तिसरा जरा खाली होता.

टिटवीने आपल्या आईकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. एकशे पंधरा अपडेट, नऊ अपयशं आणि अकरा कलमं त्यांच्या डोळ्यांपुढून ओळीने, पायमोजे घालून, निघून गेली. तीन वर्षं ते ज्याची दुरुस्ती करत होते, ती त्यांची आई होती.

त्यांनी बटण दाबलं. पेटीने बारा सूर वाजवले, तिसरा जसाच्या तसा खाली. चष्मेवाल्यांनी आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यांत बरोबर गोष्ट होती. त्यांनी डोळे पुसले (चष्मा काढून, धंद्याचं वळण), आणि आईकडे वळले. "कसं वाटलं?"

आजी हसून त्यांच्याकडे बघत राहिली. "हं?"

टिटवीने फोन बघितला. फोनवर लिहिलं होतं: श्रवणयंत्रात नवीन आवृत्ती बसवली जात आहे. कृपया यंत्र बंद करू नये.

"टिटवे," बायको म्हणाली.

"विचारलं होतं त्याने, आत्ता की नंतर," टिटवी म्हणाली. "मी आत्ता दाबलं. आपल्या घरात नंतर कोण दाबतं?"

कोणीच तिला रागावलं नाही. रागवायला बोलावं लागलं असतं, आणि कलम एक लागू होतं. चौघं सतरा मिनिटं गप्प बसले. बायकोने फ्रिज आधीच बंद होता हे पुन्हा एकदा पाहून घेतलं. टिटवी एकदा जिन्यात जाऊन आली. पाच वाजून गेले. मग फोन म्हणाला, झालं, आणि चष्मेवाल्यांनी पुन्हा बटण दाबलं.

आजीने बाराच्या बारा सूर ऐकले. तिचा पाय हलत होता. तिसऱ्या सुराला तो जरासुद्धा अडखळला नाही.

पेटी थांबली. चष्मेवाल्यांनी सवयीने, अगदी सवयीने विचारलं, "तू म्हणतेस ते बरं, की हे?"

आजीने विचार केला. घाई केली नाही, चौकट नाकावर असलेल्या चांगल्या गिऱ्हाइकासारखा केला.

"सारखंच," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली, फ्रिजवरच्या नियमावलीवर १.० लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आता हे वाचून कुणाला चष्मेवाल्यांचं हसू येईल. यावं, त्यासाठीच सांगितलं. हसून झालं की फोन हातात घ्यावा (हातातच असेल) आणि वरची पट्टी जरा खाली ओढून पाहावी. तिथे सहसा दोन निरोप पडलेले असतात. एक, नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. दुसरा, आई, दोन मिस्ड कॉल. दोघांनाही आपण सकाळीच "नंतर" म्हणून ठेवलेलं असतं.

त्यातल्या पहिल्याची काळजी करू नये. ते आपोआप होतं.