दहा महिन्यांच्या वर्षाची बखर

श्रीकृपेकरून सुरत मुलूखी, दिंडोली परगण्यात, लूम कारखान्याचे निवृत्त मास्तर राजमान्य राजश्री भाऊरावसाहेब यांनी नवागामची चार खोल्यांची चाळ कैसी हस्तगत केली, ती हकीकत ऐसी जे.

भाऊरावांचे कुटुंब केशरबाईसाहेब गतसाली कैलासवासी जाहल्या. हयातीत त्यांचे एक फर्मान असे की, भाड्याचे घर घेणे तर किमतीच्या लाखामागे महिना पाचशे भाडे यावे. कमी आले तर चहा पिऊन माघारी यावे. फंडाची व बाईसाहेबांच्या शिलकेची मिळून रसद वीस लाख होती. त्याउपर रुपया लागता तर राहती खोली गहाण पडती, आणि त्या खोलीत बाईसाहेबांचा संसार भिंतीवरच्या खुंट्यांसह जैसा होता तैसा होता.

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, ऐन तोंडावर भाऊराव स्कूटरवर स्वार जाहले आणि मागे बाईसाहेबांच्या धाकट्या भगिनी सरलाबाई, भिशीच्या सरदार, बसल्या आणि फौज नवागामी दाखल जाहली. दलाल ललितभाई सामोरे आले. त्यांनी अर्ज केला की किंमत चोवीस लाख, भाडे बारा हजार, चारी खोल्या भरलेल्या. भाऊरावांनी मनात हिशेब केला आणि चोवीसास पाचशे म्हणजे बरोबर बारा हजार भरले आणि फर्मान तंतोतंत उतरले. मग मास्तर हर्षाने बेभान होऊन राहती खोली गहाण टाकण्यास सिद्ध जाहले आणि इसाराकरिता त्यांचा हात खिशात गेला.

इतक्यात पहिल्या खोलीतून गोपाल नामे लूम कारागीर, पाठीवर बिस्तरा आणि हाती कुलूप, बाहेर पडला. सरलाबाईंनी त्यास रोखून जबाब घेतला की, गावी गेल्यावर भाडे कोण भरतो?

"गावले गऊत तं भाडं कसानं, मावशी? कुलूप काय पंखा चालाडस का?"

पुढील चौकशीत निष्पन्न जाहले की आखाजीस एक महिना आणि दिवाळीस एक महिना चारी खोल्यांस कुलूप, आणि कुलपास भाडे माफ, हा या चाळीचा जुना रिवाज.

"दाजी, हात खिसामाच राहू द्या," सरलाबाईंनी हुकूम केला.

ललितभाईंनी शेवटचा तोफगोळा डागला. "पण बेन, वरस तो बार महिनानुंज होय ने."

"तुमचं असंल. आमचं दहाचं."

मग मास्तरांनी हिशेब फिरविला. बारा हजार दहा महिने म्हणजे वर्षास एक लाख वीस हजार. ते बारांत वाटता महिना दहा हजार. आणि दहा हजारांस फर्मानाप्रमाणे मोल वीस लाख. हातची रसद आणि किल्ल्याचे मोल तंतोतंत जुळले. सरलाबाईंनी वर दहशत घातली की, चोवीस म्हणाल तर कुलपाची गोष्ट भिशीत सांगेन, आणि नवागामात घर घेणारे अवघे खान्देशी भिशीतलेच.

ललितभाईंनी घाम पुसला, मालकास फोन लाविला आणि कोपऱ्यात जाऊन बहुत काकुळतीस आले. मग परत येऊन मान तुकविली आणि विसावर तह जाहला. मास्तरांस इतका आनंद जाहला की त्यांनी इसार देताना दलालाचेच पाय धरले, आणि सरलाबाईंस हसू आवरेना.

मग विजयी फौज नाक्यावर लोचो नामे सुरती फराळाच्या दुकानी उतरली. भाऊरावांनी बाईसाहेबांच्या वेळच्या रिवाजाप्रमाणे तीन प्लेटी मागविल्या. प्लेटी आल्या आणि माणसे दोन भरली. मास्तर तिसऱ्या प्लेटीकडे पाहत राहिले. मग सरलाबाईंनी रस्त्यावर उभ्या ललितभाईंस हाक मारली की, या दलाल, बसा, थंड होतंय.

येणेप्रमाणे नवागाम फत्ते जाहले, राहती खोली गहाणाविना राखिली, आणि तिसरी प्लेट शत्रूने चटणीसह साफ केली. सबब या दौलतीत वर्ष दहा महिन्यांचे चालावे, ऐसे ठरले. लेखनसीमा.