मी वाचून दाखवलेलं पत्र

इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत आमच्या कारखान्यात माझा हात धरणारा कोणी नाही. कोणी 'किक्ड द बकेट' म्हटलं की बाकीचे बादली शोधतात. मी गेलेल्या माणसासाठी दोन मिनिटं शांत उभा राहतो. उगाच नाही सगळे मला मास्तर म्हणत!

स्टोअर सांभाळणाऱ्या अण्णांच्या हातून सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घोटाळा झाला. चुकीचे वॉशर गेले आणि गिऱ्हाइकाकडचे तीन पंप गळले. महिन्याभराने परदेशातल्या मालकांचं पत्र आलं. अण्णांनी ते न फोडताच माझ्या टेबलावर ठेवलं.

पत्र लांबलचक होतं. मी थेट शेवट गाठला. 'वी हॅव डिसायडेड टु लेट यू गो.'

"अण्णा, सुटलात. मालक म्हणतायत, जाऊ दे."

"नक्की ना, मास्तर?"

लेट म्हणजे देणे, गो म्हणजे जाणे, हे मी त्यांना फोड करून सांगितलं. मधे सात दिवसांबद्दल काहीतरी होतं, पण निकालच कळल्यावर ते कोण वाचत बसणार? अण्णा स्टुलावर बसून रडले.

मग आभाराचं पत्र लिहिणं आलंच. त्यात मी सगळी विद्या ओतली. अण्णा 'ओव्हर द मून' आहेत, म्हणजे आनंद गगनात मावत नाहीये, हेही लिहिलं. मालकांचं उत्तर आलं, 'यू आर अ गुड स्पोर्ट.' कंपनीच्या क्रीडास्पर्धेसाठी तुमची निवड दिसतेय, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी कॅनव्हासचे बूट घेतले आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनी रोज पहाटे मैदानाला फेऱ्या घालू लागले. मॅनेजरसाहेब त्यांच्याशी फार मवाळपणे बोलत. आम्हाला वाटलं, माफ केल्याची खूण.

एक तारखेला वॉचमनने अण्णांना गेटवरच अडवलं.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून मालकांच्या दोन्ही पत्रांच्या प्रती पुढ्यात टाकल्या. अण्णांना महिनाअखेरीपासून कामावरून काढलं होतं. सात दिवसांत बाजू मांडली असती, तर मालक ऐकून घेणार होते. इथून उलट आभार गेले, म्हणून मालकांनी त्यांना 'गुड स्पोर्ट', म्हणजे हार हसत स्वीकारणारा माणूस, म्हटलं होतं. आता स्टोअरला नवा माणूस आला होता.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं.

"या मास्तर. तुमच्यामुळे यांची नोकरी वाचली."

अण्णा खिडकीशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा. आणि मराठीत सांगा."

वहिनी कप घेऊन बाहेर आल्या. आमची तोंडं पाहून थबकल्या. "काय झालं?"

मी कप घेतला, एक घोट घेतला, आणि सांगितलं की चहा फार छान झालाय.