चोरासाठी ठेवलेल्या चांगल्या गोळ्या

टेक्ससमधल्या आमच्या गल्लीत कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं आणि डेलबर्ट फाउलरच्या बायकोची, रोनाची, झोप उडाली. तिला पुन्हा झोप लागावी एवढ्याच शुद्ध हेतूने डेलबर्ट पिस्तुलाच्या गोळ्या आणायला मर्लच्या दुकानात गेला.

"सरावाला की चोराला?" मर्लने विचारलं.

"त्यात काय फरक?"

मर्लने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, सरावाच्या या साध्या. स्वस्त, पण माणसातून, भिंतीतूनही आरपार जातात. चोराला या पोकळ टोकाच्या. आत शिरल्या की फुलतात आणि तिथेच थांबतात. महाग आहेत, पण कुणी घरी येणार म्हटल्यावर हात आखडता घेऊन कसं चालेल?"

डेलबर्टने साध्या स्वतःसाठी घेतल्या आणि चांगल्या चोरासाठी. चांगल्या गोळ्या रोनाने दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडल्या. "यांना हात लावायचा नाही हं!" तिने बजावलं. त्यामुळे उशाच्या पिस्तुलात साध्याच भरल्या गेल्या.

हे शेजारच्या ओपलबाईंना कळलं. "डेलबर्ट, माझा पलंग तुझ्या भिंतीसमोर आहे रे! उद्या तू चोराला मारशील आणि मरेन मी!"

"मग चांगल्या भरू का?"

"छे! कपाट रिकामं दिसेल," रोना म्हणाली.

गोळी लागू नये म्हणून ओपलबाई न्हाणीघरातल्या जाड बिडाच्या टबात झोपू लागल्या. शिवाय त्यांनीही पिस्तूल घेतलं, त्यामुळे फाउलर नवराबायकोही टबात गेली. महिनाभरात घरोघरी पिस्तुलं आली, चांगल्या गोळ्या काचेच्या कपाटांत गेल्या आणि अख्खी गल्ली पलंग सोडून टबात झोपू लागली. रोनाची झोप तर उडालीच होती, आता पाठही धरली.

अखेर घरमालक संघाने स्वसंरक्षण समन्वय उपसमिती नेमली. नेमबाजी निर्दोष होईपर्यंत कोणत्याही सभासदाने पलंगावर झोपू नये आणि दर शनिवारी सकाळी सर्वांनी सहकुटुंब सरावास जावे, असा ठराव एकमताने झाला. पहिल्याच शनिवारी सगळी गल्ली गाड्यांतून मैदानावर गेली. भाजलेलं मांस, पेकन-पाय नावाची मिठाई, हास्यविनोद, ठोठो आवाज! असा आनंद आम्ही वर्षानुवर्षं घेतला नव्हता.

परत आलो तर दारं फोडलेली. टीव्ही जागेवर, दागिने जागेवर. गल्लीतल्या प्रत्येक कपाटातल्या चांगल्या गोळ्या तेवढ्या गेल्या होत्या.

रोनाने गळा काढला. ओपलबाईंनी तिला जवळ घेतलं. "अगं, ज्याच्यासाठी ठेवल्या होत्या त्यालाच मिळाल्या ना? आणि आता त्याने तुला गोळी घातली, तरी ती निदान माझ्यापर्यंत यायची नाही."

रोनाला हे पटलं. त्या दुपारी ती टबाकडे फिरकली नाही, सरळ पलंगावर आडवी झाली आणि घोरू लागली. घरात आता चोराचं काही उरलं नव्हतं.

हसा, खुशाल हसा. फक्त तुमच्या काचेच्या कपाटातल्या त्या सोनेरी काठाच्या कपबश्यांतून तुम्ही स्वतः शेवटचा चहा कधी प्यायलात, तेवढं सांगा.