ठिबकवरचे आबा

आमच्या वरच्या मजल्यावर नथ्थू आबा राहतात. ते व्यायामाला बसतात तेव्हा धोतर, सदरा आणि डोक्याला पांढरी टोपी असा लग्नाला निघाल्यासारखा थाट असतो. मी एकदा म्हटलं, "आबा, घरात कोण बघतंय तुम्हाला? बनियनवर करा की." तर म्हणाले, "माय, टोपी काढली का आंगाले वाटते, झोपाची येळ झाली. मंग ते काई ऐकत नई."

व्यायामाला बसतात असं मी चुकून लिहिलेलं नाही. त्यांचा व्यायाम खुर्चीत बसूनच सुरू होतो. एक पाय पुढे लांब करायचा, जरा तसाच धरायचा, खाली ठेवायचा. मग दुसरा. मग ओट्याला धरून उभं राहायचं आणि टाचा उचलायच्या. मग भिंतीला दोन्ही तळहात लावून तिला ढकलायचं. ती भिंत नेमकी माझ्या शिलाईच्या खोलीवर येते. मी खाली ब्लाउज शिवते, आणि बिल्डिंग कलली तर मी कुणाचं नाव सांगणार आहे ते आबांना आधीच सांगून ठेवलंय.

आबा मूळचे फैजपूरकडचे. आयुष्य केळीच्या बागेत गेलं. काकूंचं दुखणं निघालं, जळगावच्या दवाखान्यात सारख्या खेपा व्हायला लागल्या, तेव्हा बाग बटाईने देऊन दोघं इथे फ्लॅट घेऊन राहायला आले. आल्या आल्या काकूंनी पहिलं खुसपट काढलं ते उंबऱ्याचं. फ्लॅटला उंबरा नव्हता. "उंबरा नई अन् घर म्हने," असं म्हणून त्यांनी सुतार बोलावला आणि दारात चांगला जाड सागवानी उंबरा बसवून घेतला. त्याला ठेच लागली नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. माझ्या अंगठ्याचं नख त्या उंबऱ्यानेच काळं केलंय. काकू होत्या तोवर त्या वर हळद लावून द्यायच्या. काकू जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. मुलगा पुण्याला, मुलगी नलू धुळ्याला दिलेली, आणि आबा वर एकटे.

हे व्यायामाचं खूळ निघालं ते धुळ्यात. दिवाळीनंतर नलूच्या मुलाचं जाऊळ होतं. आबा पंगतीला खाली बसले. बसायला काय, त्यांचं वजनच त्यांना खाली नेतं. वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली, पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, झाडणारी बाई खराटा घेऊन आली, तरी आबा बसलेलेच. त्यांनी हात टेकून पाहिला, कुशीवर होऊन पाहिलं, पण गुडघे काही दाद देईनात. शेवटी व्याह्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "याही, दुसरी पंगतले बी आठेच बसतस का?" मांडव हसला. मग जावयाने एका काखेत आणि आचाऱ्याने दुसऱ्या काखेत हात घालून आबांना उभं केलं.

"नलू नई हासली," आबा मला सांगत होते. "हासली असती त बरं झालं असतं. दारात उभी राहून पाहत होती नुस्ती."

तिथून आले ते जाहीर करतच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नलू येणार, जावई येणार, त्या दिवशी मी खाली बसीन आणि खालून उठीन, कोणाचा हात घेणार नाही. हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. मला तर रोज सांगायचे. आखाजी उन्हाळ्यात, तेव्हा थंडी चालू होती, म्हणून मीही म्हटलं, बोलू द्या.

पहिला दिवस मात्र मोठा गाजला. नलूने मोबाईलवर व्यायामाचा व्हिडिओ पाठवला होता. त्यातल्या पोरीला हाडं असावीत असं वाटत नव्हतं. आबांनी पहिल्याच दिवशी तिची बरोबरी करायला घेतली. मी मशीनवर होते. वरून धप्प असा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. धावत वर गेले, उंबऱ्याला ठेचकाळले, दार नुसतं लोटलेलं होतं. आबा सतरंजीवर, टोपी जागच्या जागी, आणि मोबाईलमधली ती पोरगी अजून उड्या मारतेय.

"पडले का आबा?"

"पडलो नई. बसेल हाये."

"मग उठा."

"तेच त चालू हाये माय."

वॉचमनला हाक मारली, दोघांनी मिळून उचललं. मी पुष्कळ बोलले त्यांना. या वयात ही थेरं शोभतात का, हाड मोडलं असतं तर कोणी केलं असतं, सगळं बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते आणि मला आपलं उगीच वाटलं की हा माणूस आता सुधारला.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. सोबत मी, कारण त्यांना डॉक्टरांचं बोलणं समजत नाही आणि मला समजतं असा त्यांचा गैरसमज आहे. बाई पोरसवदा, पण शांत. त्यांनी सांगितलं, आबा, उड्या नाहीत, झटके नाहीत, जमिनीवर तर आत्ता उतरायचंच नाही. थोडं थोडं करायचं, पण रोज. आबांचा चेहरा कोरा होता. मग एकदम उजळला.

"म्हंजे ठिबक."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"पाटानं पानी सोडलं का वरवर वाहून जाते," आबा त्यांना समजावायला लागले. "मूळ राह्यते कोल्लं. ठिबकनं कसं, थेंब थेंब, पन रोज, अन् मुळापाशी. काल मी पाट फोडला होता."

बाई म्हणाल्या, हो, अगदी तसंच. संपलं. त्या दिवसापासून आबांच्या लेखी जगात दोनच प्रकार उरले, पाट आणि ठिबक. कोणी म्हणालं चला पहाटे मेहरूण तलावावर फिरायला, की "पाट." टीव्हीवर चार जण एकदम भांडायला लागले, की "पाट," आणि टीव्ही बंद. लग्नसराईत मी चार दिवसांचे ब्लाउज एका दिवसात उरकायला बसले आणि मान धरली, तेव्हाही वरून उतरून आले. "पाट फोडला ना माय? मानेले जरा इकडे जरा तिकडे वळव. ठिबक दे." मी म्हटलं मला वेळ नाही. पण ते गेल्यावर वळवली. बरं वाटलं, पण ते त्यांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी माझ्याही डोक्याला टोपी घातली असती.

बाईंनी त्यांना एक युक्ती दिली होती. खुर्ची त्यांच्या गुडघ्यांना फार खाली पडायची, हात टेकल्याशिवाय उठता येईना. म्हणून खुर्चीवर घड्या घालून बसायला उंच करायचं, हात न लावता उठायची सवय करायची, आणि पायात बळ आलं की एक घडी काढायची. घरात घड्या कसल्या, तर काकूंनी हाताने शिवलेल्या गोधड्या. त्या सगळ्या खुर्चीवर चढल्या आणि त्यावर आबा. वर गेलं की ते सिंहासनावर बसल्यासारखे दिसायचे. एक गोधडी कमी झाली की गॅलरीत येऊन हाक मारायचे, "माय, गोधडी उतरली." मला वर जाऊन बघावं लागायचं. बघितल्याशिवाय ती उतरली असं ते धरायचे नाहीत.

खंड म्हणून पडला नाही. रावेरला एका लग्नाला गेले तर मंगलाष्टकं चालू असताना खुर्चीची पाठ धरून टाचा उचलत उभे. मागच्या बायकांना वाटलं म्हाताऱ्याला नवरी दिसत नाहीये, त्यांनी बिचाऱ्यांनी वाट करून दिली. आबा पुढे गेले आणि पुढेही टाचा उचलायला लागले. पुढे ऊन तापलं. जळगावचं ऊन काय ते जळगावच्यानेच सांगावं, कूलरही गरम वारा फेकतो. तरी सकाळी वरून भिंत ढकलल्याचा आवाज यायचाच. मी वैतागायचे, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला की मशीन थांबवून कान द्यायचे.

गोधड्या संपल्या. नुसती खुर्ची जमली. खुर्चीवरून बुटकं स्टूल, स्टुलावरून चौरंग. आणि चौरंगावर गाडी अडली. तिथून जेवायच्या पाटावर काही उतरता येईना, उतरलं तर उठता येईना. आखाजी तोंडावर आलेली. आबांचं बोलणं कमी झालं. मला बघवेना. मी म्हटलं, "आबा, जावयाला टेबलावर वाढा की. आजकाल सगळे टेबलावरच जेवतात. एवढ्या चौरंगापर्यंत आलात, पुष्कळ झालं."

ते माझ्यावर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले. "टेबलावर होते ते टेबलावर. खालचं खालीच करा लागते. तुले नई समजाचं ते."

मला लागलं. एका ताटापायी केवढा हा हट्ट. मी दोन दिवस वर गेले नाही. म्हटलं बसा तुमच्या चौरंगावर.

तिसऱ्या दिवशी तेच आले, हातात केळीची फणी. म्हणाले, बाईंनी नवीन शिकवलं. आधी एक गुडघा जमिनीला, दुसरा पाय समोर, हात आपल्याच मांडीवर रोवायचा आणि उठायचं.

"पण तुम्ही तर म्हणत होता कुणाचा हात नाही."

"कोनाचा नई. माहा मालाच टेकू. घड जड झाला का झाडाले बांबू लावतोच का नई आपन? हा त घरचा बांबू हाये."

आखाजीच्या आदल्या दिवशी नलू आणि जावई आले. नलूचा ब्लाउज माझ्याकडे होता. तो मी आखाजीच्या सकाळी इस्त्री करून वर घेऊन गेले. वास सगळीकडे पुरणाचा. कोपऱ्यात नवी मातीची घागर पाणी भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. जावई सोफ्यावर. आणि आबा दाराशी उभे, टोपी सरळ करत. नलूच्या हातात कुंकवाची वाटी.

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, आणि उंबऱ्यावर गेलेल्या माणसांची नावं घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. मी आत टाकलेला पाय मागे घेतला आणि बाहेरच थांबले.

नलू उंबऱ्यापलीकडून माझ्याशी हळू आवाजात बोलली. "मागच्या आखाजीला आईचं पहिलं बोट होतं, ताई. आबांना खाली बसता येईना. दादाने ओढलं. आबा खुर्चीवर बसून बघत होते." मग ती आबांना म्हणाली, "आबा, मी ओढू का?"

 आबांनी वाटीसाठी हात पुढे केला. एक गुडघा खाली गेला. थांबले. दुसरा गेला. आणि ते उंबऱ्याशी बसले. कोणीही जागचं हललं नाही.

त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, बोट ओढलं. आईचं घेतलं. धाकट्या भावाचं घेतलं. मग बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि तसंच धरून राहिले. जन्मभर ज्यांना ते "नलूची माय" म्हणत आले, त्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"कमल," ते म्हणाले, आणि बोट ओढलं.

मग वाटी बाजूला ठेवली. एक पाय समोर घेतला, मांडीवर हात रोवला. जावई सवयीने पुढे आला होता, नलूने त्याचं मनगट धरलं. आबांचा चेहरा लाल झाला, धोतराचा सोगा पायाखाली आला, तो त्यांनी सोडवला, आणि ते उठले. कोणाचा हात न घेता सरळ उभे राहिले. जावई म्हणाला, "वा आबा." नलू हसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. माझं काय झालं ते मी सांगत नाही. ब्लाउजची इस्त्री मोडली, एवढं खरं.

"चला आबा," नलू म्हणाली, "पाट मांडलेत. ताटं वाढते."

आबा दोन पावलं गेले. थांबले. परत फिरले आणि पुन्हा एक गुडघा खाली टेकवायला लागले.

"आता कशाला आबा?" नलू घाबरून म्हणाली. "झालं ना सगळं."

आबा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मघा सारं ध्यान उठाकडे होतं," ते म्हणाले. "तिच्यापाशी बसलोच नई."